कातळातली भेग आणि पुरलेला अणुकचरा

प्रश्न: राजापुरात आमच्या परड्यात २१० फूट बोअर मारली, नुसती धूळ उडाली. वीस पावलांवर शेजाऱ्यांना ९० फुटांतच पाणी! कातळात पाण्याचा असा नेम नाही, तर फिनलंडवाले ओंकालो नावाच्या भुयारात ४३० मीटर खोल अणुकचरा कशाच्या भरवशावर ठेवणार?

उत्तर: अखंड कातळातून पाणी जवळजवळ जातच नाही, जातं ते भेगांतून. भेग दुप्पट रुंद असली तर प्रवाह आठपट. तुमच्या बोअरला वाहती भेग लागली नाही.

दुसरं उत्तर: ओंकालोत मोठ्या भेगा टाळूनच कचऱ्यासाठी खड्डे घेतात. कचरा भरलेल्या तांब्याच्या डब्याभोवती बेंटोनाइट माती असते. ओली झाली की फुगते, फटी बुजवते.

प्रश्नकर्ता: आठपट! मग आता भेगांची दिशा तपासूनच पुढची बोअर. आई अजून व्हाळावरून हंडे आणते हो.