क्लार्क, क्लर्जी आणि चिठ्ठीतला वाटा
इंग्रजी 'क्लार्क' (कारकून) आणि 'क्लर्जी' (चर्चचे धर्मसेवक) या दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिन 'क्लेरिकुस' असं सांगतात. बरोबर आहे, पण लॅटिननंही तो ग्रीकमधून उचललाय. ग्रीक 'क्लेरोस' म्हणजे चिठ्ठी टाकून ठरलेला वाटा. आमच्याकडे खान्देशात भाऊ वेगळे निघाले की लहान पोराला चिठ्ठ्या उचलायला लावून वावरं वाटतात. क्लेरोस म्हणजे ती चिठ्ठीही आणि वाट्याला आलेलं वावरही. गंमत म्हणजे बायबलमधल्या लेवींना, म्हणजे देवाच्या सेवेला वाहिलेल्या वंशाला, जमिनीत वाटाच नव्हता, देव हाच त्यांचा वाटा! धर्मसेवकांना हा शब्द त्यावरूनच चिकटला, असं सहसा सांगतात.

राहिला प्रश्न चर्चवाल्याचा कारकून कसा झाला हा. मध्ययुगात लिहिता-वाचता येणारे बहुतेक चर्चचेच होते, म्हणून लिखापढीचं कामही त्यांच्याकडेच. इंग्लंडात तर पुढे वाचता येणं हाच चर्चवाला असल्याचा पुरावा धरू लागले आणि चर्चवाला म्हणून गुन्हेगाराला फाशीतून सूट मिळायची. नाटककार बेन जॉन्सन १५९८ साली द्वंद्वात माणूस मारूनही असाच सुटला, अंगठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग तेवढा बसला. ही सवलत रद्द व्हायला १८२७ उजाडलं. आपला 'कारकून' मात्र फारसीतला, काम करणारा. त्याचा देवाधर्माशी काही संबंध नाही.