सहा पाती सारखी, मग एकालाच चीर का?

वेर्ण्याचा_मेंटेनन्सवाला: नमस्कार मंडळी, आमच्या कारखान्यात सहा पात्यांचा एक्झॉस्ट फॅन आहे, कॉम्प्युटरवर मॉडेल केलं तर पात्यांच्या कंपनाच्या पहिल्या सहा फ्रिक्वेन्सींपैकी दोन जोड्या शेवटच्या आकड्यापर्यंत सारख्या येतायत, मला वाटलं मेश (मॉडेलचे बारीक तुकडे पाडतात ती जाळी) चुकला, परत केला तरी तेच. आणि फॅन बंद करून हातोडीने बंप टेस्ट घेतली तर सहाच्या सहा वेगळ्या, जवळजवळ पण वेगळ्या, वर एकाच पात्याच्या बुडाशी वेल्डला चीर गेलीय. खरं काय मानू?

फोंड्याचा_मास्तर: दोन्ही खरं, मेशला हात लावू नका. फॅन ६० अंश फिरवला तर तोच फॅन ना? मग जो मोड (कंपनाची एक ठरावीक तऱ्हा) फिरवल्यावर वेगळा दिसतो त्याचं फिरवलेलं रूपही त्याच फ्रिक्वेन्सीचा मोड असणार, म्हणून जोड्या. सगळी पाती एकत्र हलतात तो आणि एकाआड एक उलट हलतात तो, हे दोनच एकटे. म्हणूनच एका पात्याचा सेक्टर, म्हणजे फॅनचा सहावा तुकडा, घेऊनही अख्ख्या फॅनचा हिशोब निघतो.

पण प्रत्यक्षात पाती कधी तंतोतंत सारखी नसतात, आणि हब (पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग) कडक असला की त्यांचा एकमेकांशी संबंध कमजोर, मग जरासा फरकही कंपन एकाच पात्यात कोंडून ठेवतो. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसनने १९५८ मध्ये इलेक्ट्रॉनच्या बाबतीत हेच दाखवलं होतं. टर्बाइनच्या पात्यांसाठी व्हाइटहेड नावाच्या इंजिनियरने १९६६ मध्ये कमाल मर्यादा काढली, सगळी पाती सारखी असताना होतं त्याच्या किती पट कंपन एका पात्यात होऊ शकतं याची: पात्यांच्या संख्येचं वर्गमूळ, त्यात एक मिळवून निम्मं. सहाला १.७२, म्हणजे एकट्या पात्याला जवळजवळ पावणेदोनपट.

म्हापशाचा_फिटर: हॅकसॉची दोन ब्लेडं व्हाइसमध्ये शेजारी आवळा, बुडाजवळ रबरबँड घाला आणि एक छेडा, हळूहळू ते थांबतं नि दुसरं हलायला लागतं, मग परत उलटं. आता एकाच्या टोकाला वाटाण्याएवढी कणीक चिकटवा, देवाणघेवाण जवळजवळ बंद! टोकालाच हं, बुडाला लावून काही होत नाही. पावसात पात्यांवर खारट थर बसलाय का बघा.

वेर्ण्याचा_मेंटेनन्सवाला: दादा, शिडी लावून बघितलं, चीर गेलेल्या पात्याच्या मागे टोकाकडे मीठ-धूळ-ग्रीसची खपली, खरवडल्यावर मूठभर निघाली! फ्रिक्वेन्सी वर सरकली पण बाकीच्यांच्या खालीच आहे.

फोंड्याचा_मास्तर: ती चिरेमुळे, चिरेनेही फ्रिक्वेन्सी उतरते. वेल्ड होईपर्यंत फॅन चालवू नका, नंतर सहाही पाती साफ करून टेस्ट घ्या आणि नुसत्या बॅलन्सिंगवर भागवू नका, वजन समोरासमोर जुळलं तरी फ्रिक्वेन्सी जुळतेच असं नाही.