गोळ्या सुरू आहेत, मैदानाचं काय?

आर्वीकर

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा. आठ वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू यायला लागले. विहिरीत विष कालवलंय म्हणून घरचं पाणी सोडलं. आधी देवऋषी झाले, मग डॉक्टर. स्किझोफ्रेनिया निघाला. ओलान्झापिनने आवाज गेले, त्या गोळीचे उपकार मी विसरणार नाही. पण भूक अशी खवळली की रात्री उठून टोपल्यातल्या भाकरी संपवायचा. दोन वर्षांत १९ किलो वाढला. पोळ्याच्या सुमारास साखर निघाली. दिवसभर खाटेवर, तोंडात तंबाखूचा खर्रा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की तीव्र मानसिक आजाराची माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यात हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा वाटा मोठा. म्हणजे आवाजांतून वाचवलेला माणूस आपण साखरेच्या आणि छातीच्या दुखण्याला देतो. माझं म्हणणं एवढंच: तालुक्याला गोळ्यांचा वार असतो, त्याच दिवशी या लोकांचा एकत्र व्यायामही व्हावा, शिकवणाऱ्या माणसासह. तो उपचाराचाच भाग धरावा.

एकत्रच का? भावाला एकटं 'फिरून ये' म्हटलं की तो फाटकापर्यंत जाऊन परत येतो. तो आळस नाही, मनातली उठण्याची ओढच हा आजार खातो. दिवाळीपासून आम्ही चार घरं मिळून शाळेच्या मैदानावर आठवड्यातून तीन सकाळी जमतो. पहिले दोन आठवडे तो गोलपोस्टला टेकून उभा होता. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या गावचा एक जण हात वर करताना मोठ्याने आकडे म्हणत होता, १७ वर अडखळला. मागून आवाज आला, "अठरा." भावाचा होता. त्या महिन्यात घराबाहेर कोणाशी बोललेला त्याचा पहिला शब्द.

वावरातला

भाऊ, तुमच्या भावाबद्दल वाचून जीव कळवळला. पण मले हे पटत नाही. माह्या चुलत्याले हाच आजार आहे. थो डवरणीले जाते, वेचणीले जाते. त्याले अजून कोणता व्यायाम शिकवता? आणि पहिले गोळ्या तं मिळू द्या! मागच्या उन्हाळ्यात दोन महिने गोळीच नव्हती, बाहेरून घ्या म्हणे. तालुक्याले जायचं म्हणजे काळी-पिवळीचं भाडं, वरतून सोबत्याचा रोज बुडते. गोळीच नाही तिथं कवायत घेऊन काय करता?

अजून एक. गावात लोकाइच्या नजरा पाह्यल्या काय? पाराजवळून दहा जण ओळीनं निघाले की पोट्टे 'येड्याईची शाळा' म्हणतात. ज्याचं लपलं होतं त्याचंही उघडं पडते.

सिस्टरताई_वर्धा

मी वॉर्डात काम करते. व्यायामाच्या बाजूने आहे, पण हे घाईने सगळीकडे सुरू करू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो. या आजारातल्या बऱ्याच गोळ्यांनी शरीराचं तापमान सांभाळणं बिघडतं. हात थरथरू नयेत म्हणून दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलने घाम कमी येतो. कोणी लिथियमच्या गोळीवर असेल तर अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, आणि ते जीवावर बेतू शकतं. उभं राहिल्याबरोबर चक्कर येणारेही असतात. म्हणून आधी बीपी, साखर, ईसीजी. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत आटपा, पाणी जवळ ठेवा. हे होणार नसेल तर नका करू.

आर्वीकर

सिस्टरताई, उन्हाचं मला माहीत नव्हतं. खरंच आभार. मार्चपासून साडेपाचला जमू.

वावरातलेभाऊ, ज्याला काम मिळतं त्याचं शरीर चालतंच. पण माझ्या भावाला एकदा विहिरीवर ओरडताना पाहिलं, तेव्हापासून मजुरीला कोणी बोलावत नाही. काम सुटलेल्यांसाठीच हे मागतोय. २०१५ मध्ये बरेच प्रयोग एकत्र तपासले गेले. आठवड्याला सुमारे ९० मिनिटं जरा दम लागेल असा व्यायाम केलेल्यांची लक्षणंही कमी झालेली दिसली. गोळीच्या जागी हे असावं असं मी कधीच म्हणणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आवश्यक यादीतल्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी अर्ज लिहा, पहिली सही माझी.

शिकवणारे कुठून आणायचे, असंही कोणी विचारेल. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. व्यायाम शिकवणारी माणसं विदर्भाला परकी नाहीत. त्यांना या आजाराची ओळख करून द्यावी लागेल, तेवढंच.

लेक_यवतमाळची

सगळे भाऊ, चुलते. माझी आई बारा वर्षं आजारी आहे. ती शाळेच्या मैदानावर पुरुषांसमोर हात वर करणार? पदर सुटला तरी लोक आजाराच्याच नावाने बोलतील. आणि सकाळी साडेपाचला घरात पाणी भरायचं असतं, आजारी असली तरी तिलाच. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर योगासनांचे प्रयोग झालेत, गुण आलेला दिसला. समाजमंदिरात, बायका-बायकांत, दुपारी तीनला केलं तर आई येईल. नाहीतर हा उपचार फक्त पुरुषांचा झाला, आणि मी त्याला विरोधच करीन.

वावरातला

ताई, तुमचं खरं आहे. आर्वीकर भाऊ, माह्यं म्हणणं मी मागं घेत नाही. पहिले गोळी. अर्जाचा कागद मी लिहितो, सह्या तुम्ही जमवा. चुलत्याले मैदानाचं विचारलं. थो म्हणे, आकडे म्हणाले मले लावतीन काय? नाही लावलं तं येतो.