मदत हवी आहे: ‘गेरट्राउड’ या नावाचा दिवस मार्चमध्ये की नोव्हेंबरमध्ये?

नमस्कार मंडळी,

आम्ही बायर्नमध्ये (म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरियात), एका लहान गावात राहतो. तळमजल्यावरच्या आजींना सगळी इमारत ट्राउडल म्हणते. परवा त्यांचं पार्सल मी घेतलं, तेव्हा त्यावर पूर्ण नाव दिसलं: गेरट्राउड. म्हणजे इंग्रजीतली गर्ट्रूड.

गेल्या पाडव्याला गुढीसाठी काठी मिळेना, तर आजींनी बागेतल्या हेझलची सरळ फांदी तोडून, साल तासून आणून दिली. त्यांच्यासाठी काहीतरी करायचं मनात आहे. त्या म्हणतात, लहानपणी घरी वाढदिवसाचं कौतुक नव्हतं, ज्या संतावरून नाव ठेवलं त्याचा दिवस साजरा व्हायचा. तोच दिवस साधायचा आहे, त्यांना न विचारता.

अडचण अशी की या नावाच्या संत दोन. पहिली आजच्या बेल्जियममधल्या निवेलची. लांडेनचा पिपिन या फ्रँकिश सरदाराची मुलगी, लग्नाला ठाम नकार देऊन आईने काढलेल्या मठाची प्रमुख झाली. ६५९ मध्ये वारली, दिवस १७ मार्च. चित्रांत तिच्या काठीवर उंदीर चढताना दिसतात, कारण पिकाचे उंदीर हटवायला लोक तिलाच साकडं घालत. तिच्या दिवशी सूतकताई थांबवून बागकाम सुरू करायची जुनी रीत आहे. दुसरी जर्मनीतल्या हेल्फ्टा मठातली (१२५६–१३०२), मोठी साधक आणि लेखिका. तिचा दिवस नोव्हेंबरच्या मध्यावर.

आजी मार्च उजाडला की बागेतच असतात, त्यामुळे माझा कल पहिलीकडे आहे. पण नुसत्या अंदाजावर केक घेऊन दारात उभं राहायला मन धजत नाही. बायर्न किंवा ऑस्ट्रियात राहणाऱ्यांनी कृपया सांगा, तुमच्याकडच्या गेरट्राउड कोणता दिवस पाळतात?

दुसरी मदत कार्डासाठी. नाव जुनं जर्मानिक, आपल्या सामासिक नावांसारखं दोन शब्दांचं: ‘गेर’ म्हणजे भाला, ‘ट्रूड’ म्हणजे बळ. इकडे ‘ट्रूड’चं ‘ट्राउड’ झालं आणि लोकांना त्यात ‘ट्राउट’, म्हणजे जिवलग, ऐकू येऊ लागलं. मला हा चुकून चिकटलेला अर्थच आजींना जास्त शोभतो असं वाटतं. तरी दोन्ही अर्थ येतील अशी मराठी ओळ कुणाला सुचते का? ‘शूलबला’पुढे माझी गाडी जात नाही.

वसईकरांनो, तुमच्याकडे कुणी गर्ट्रूड असतील तर त्यांना घरात लाडाने काय म्हणतात, तेही कळवा.