१९८५ सालची विंटेज पोर्ट: उघडावी कशी आणि वाढावी कशी?

सांगलीकर_लीड्स

नमस्कार. आमच्या शेजारचे वयोवृद्ध इंग्रज गृहस्थ घर आवरते घेत आहेत. जिन्याखालच्या कोठीत त्यांनी वर्षानुवर्षे आडवी ठेवलेली ग्रॅहॅम या पोर्ट बनवणाऱ्या घराण्याची १९८५ सालची पोर्ट वाइन त्यांनी माझ्या यजमानांना, त्यांच्या जन्मसालाची म्हणून, भेट दिली आहे. पुढील महिन्यात सासू-सासरे सांगलीहून येत आहेत. त्या वेळी काही मित्रांनाही बोलावून जेवणानंतर ती उघडावी, असा विचार आहे. आम्ही एरवी साधी रेड वाइन घेतो, परंतु इतक्या जुन्या बाटलीला हात लावण्याचा प्रसंग कधी आलेला नाही. बाटली प्रकाशासमोर धरली असता आत काहीतरी काळे, पापुद्र्यासारखे सरकताना दिसते. हे वाइन खराब झाल्याचे लक्षण आहे का? ती किती वेळ आधी उघडावी, सोबत काय द्यावे (सासूबाई शाकाहारी आहेत) आणि उरल्यास किती दिवस टिकेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तळघर

सर्वप्रथम लेबल नीट वाचावे, कारण बाटलीवर १९८५ हा आकडा असल्याने सर्व काही ठरत नाही. विंटेज पोर्ट लाकडी पिंपात जेमतेम दोन वर्षे राहते, सुगीनंतरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी बाटलीत भरली जाते आणि पुढचे सारे आयुष्य बाटलीतच मुरते. ‘कोल्येइता’ हा दुसरा प्रकारही एकाच वर्षाच्या द्राक्षांचा असतो, पण तो किमान सात वर्षे आणि पुष्कळदा कितीतरी अधिक काळ पिंपात राहतो. त्याचा साका पिंपातच बसतो, रंग उतरून तांबूस-पिंगट होतो आणि बाटली सरळ ग्लासात ओतता येते. म्हणून बाटलीत भरल्याचे साल शोधा. ते १९८७ असेल, तर पुढचे सर्व सोपस्कार आवश्यक आहेत.

काळ्या पापुद्र्यांची काळजी नसावी. विंटेज पोर्ट न गाळता बाटलीत भरतात आणि तिच्यातील रंगद्रव्ये व टॅनिन (तुरट द्रव्ये) दशकानुदशके एकत्र येऊन तळाशी बसतात. चाळीस वर्षांनी साका दिसला नसता, तर मात्र मला शंका आली असती. तपासायचे ते वेगळेच. बाटली उभी केल्यावर वाइन मानेपर्यंत किंवा निदान मानेच्या बुडापर्यंत असावी आणि बुचावरील टोपणाखालून चिकट ओघळ आलेला नसावा. पातळी खांद्याच्या खाली गेली असेल, तर बुचातून हवा शिरली आहे असे समजावे आणि पाहुण्यांसाठी दुसरी बाटली हाताशी ठेवावी.

द्राक्षमळा_नाशिक

वरील माहितीत थोडी भर घालतो, कारण ही वाइन कशी बनते हे कळले की ती वाढण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. पोर्तुगालच्या उत्तरेकडील दोरू नदीच्या खोऱ्यात, जिथे स्लेटसारख्या पाषाणाच्या उतारांवर पायऱ्या-पायऱ्यांचे मळे आहेत आणि ज्याची हद्द मार्केश द पोंबाल यांच्या कारकिर्दीत १७५६ साली आखण्यास सुरुवात झाली, तिथे तोरीगा नासिओनाल, तोरीगा फ्रांका, तिंता रोरिश अशा द्राक्षांचा रस आंबत ठेवतात. दोन-तीन दिवसांत साधारण निम्मी साखर आंबली की त्यात ७७ टक्के अल्कोहोल असलेला द्राक्षांचाच अर्क ओततात. परंपरागत हिशेब ४३५ लिटर रसाला ११५ लिटर अर्क असा आहे. त्याने यीस्ट मरते, उरलेली साखर तशीच राहते आणि वाइन साधारण २० टक्क्यांवर स्थिरावते. म्हणजे जोर साध्या वाइनच्या दीडपट आणि वर गोडवा, म्हणून प्रत्येकाला ६० ते ७० मिलिलिटरच द्यावी. एका बाटलीत दहा जणांचे व्यवस्थित भागते आणि चवीपुरते घेणाऱ्यांनाही तेवढे पुरेसे आहे.

ती किमान तीन तास आधी निथळून, म्हणजे साका बाटलीतच मागे ठेवून दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवावी, असे माझे मत आहे. १९८५ च्या सुगीसाठी बहुतेक सर्व मोठ्या घराण्यांनी विंटेज जाहीर केले होते, म्हणजे ती सुगी विंटेज पोर्ट बनवण्याइतकी उत्तम ठरवली होती, आणि त्या वर्षीच्या ग्रॅहॅममध्ये आजही पुरेसा दम आहे.

जाता जाता, इथल्या वाचकांसाठी: अशी बाटली भारतात आणून माळ्यावर ठेवू नये. एप्रिल-मेच्या उकाड्यात वाइन प्रसरण पावते, बूच वर ढकलले जाते आणि दोन उन्हाळ्यांत तिची रया जाते. आपल्याकडे आणायचीच तर दहा किंवा वीस वर्षांची टॉनी या प्रकारची पोर्ट आणावी, कारण ती पिंपातच मुरून आलेली असते आणि अधिक मुरवण्याची गरज नसते. तिच्यासोबत गोव्याची बेबिंका अप्रतिम लागते. मात्र गोव्यातील दुकानांत पोर्ट म्हणून मिळणारी स्वस्त, गोड वाइन हा निराळा प्रकार आहे. तिच्यावरून दोरूची कल्पना करू नये.

सांगलीकर_लीड्स

आपणा दोघांचे आभार. लेबलवर बाटलीत भरल्याचे साल १९८७ असेच आहे आणि पातळी मानेच्या बुडाशी आहे. बाटलीच्या एका अंगावर पांढऱ्या रंगाचा फटकारा आहे. त्याचा काही अर्थ आहे का?

निथळ

अर्थ आहे आणि तो आपल्या फार उपयोगाचा आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे आडव्या बाटलीची वरची बाजू कळावी म्हणून तिथे चुन्याचा फटकारा मारत असत, म्हणजे साका त्याच्या बरोबर विरुद्ध अंगाला धरलेला असतो. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बाटली उभी करावी. सुटा साका खाली बसेल, पण काचेला चिकटलेला पापुद्रा जागच्या जागीच राहील. ओतताना पांढरी खूण वर येईल अशी बाटली धरल्यास वाइन त्या पापुद्र्यावरून हलकेच वाहते आणि तो उखडत नाही.

चाळीस वर्षांचे बूच बाहेरून घट्ट दिसले तरी आतून भुसभुशीत झालेले असते. नेहमीचा स्क्रू बहुधा मधोमध भोक पाडून रिकामाच बाहेर येतो, म्हणून दोन पात्यांचा चिमटा वापरावा: पाती बूच आणि काच यांच्या फटीत आलटून-पालटून दाबत खाली न्यावीत आणि मग फिरवत फिरवत बूच वर ओढावे. लाल होईपर्यंत तापवलेल्या सांडशीने बाटलीची मान धरून, तिच्यावर गार ओले फडके लावून ती तडकवण्याची पद्धत पोर्तुगालमध्ये आहे आणि दिसायला ती मोठी रुबाबदार आहे, पण घरच्या जेवणावळीत हा खेळ करू नये.

ओतताना मानेच्या मागे विजेरी धरावी. लोणी कढवल्यावर बेरी ढवळू न देता तूप जसे ओतून घेतो, त्याच एका संथ धारेने, मध्ये बाटली सरळ न करता, काचेच्या सुरईत वाइन काढावी आणि मानेत काळी रेघ सरकू लागली की थांबावे. बुचाचे तुकडे पडले असतील, तर धुऊन वाळवलेले मलमलचे कापड सुरईच्या तोंडावर धरावे. साबणाचा वास असलेले कापड मात्र सगळ्यावर पाणी फिरवील.

वेळेबाबत मी नाशिककरांशी सहमत नाही. तीन तास हे वीस-पंचवीस वर्षांच्या दमदार बाटलीला ठीक आहेत. चाळीस वर्षांच्या वाइनचा नाजूक गंध, म्हणजे सुके अंजीर, ज्येष्ठमध, जुन्या लाकडी पेटीचा दरवळ, हवेत उडून जाऊ शकतो. उघडताक्षणी येणारा कोंदट वास अर्ध्या तासात जातो. म्हणून जेवायला बसण्याआधी तासभर निथळावी आणि लगेच एक घोट चाखावा: तोंड आवळल्यासारखे वाटले, तर सुरई उघडी ठेवावी, मऊ लागली, तर झाकावी.

तापमान १६ ते १८ अंश असावे. हीटर लावलेल्या खोलीत अल्कोहोल नाकात झोंबते, तेव्हा सुरई थंड खोलीत ठेवा. ग्लास तोंडाशी निमुळता हवा आणि निम्म्याहून कमी भरावा, म्हणजे गंधाला जागा राहते. सोबत अक्रोड आणि स्टिल्टन चीज हे इंग्लंडमधील ठरलेले जोडपे आहे. सासूबाईंसाठी चीजच्या वेष्टनावर शाकाहारी असल्याची नोंद पाहून घ्यावी. पक्वान्न वाइनहून गोड नको, या एकाच कारणासाठी गुलाबजाम त्या दिवशी टाळावेत, कारण त्यांच्यापुढे ही वाइन आंबट आणि पातळ लागते. कमी साखरेचे काळे चॉकलेट चालेल. शेजाऱ्यांनाही बोलावणार असाल, तर सुरई आपल्या डाव्या हाताकडे द्यावी. इंग्रजांच्या टेबलावर पोर्ट त्याच दिशेने फिरते आणि ती एखाद्यापाशी अडली, तर त्याला ‘नॉर्विचच्या बिशपना ओळखता का?’ असे विचारून आठवण देतात.

उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या, फार तर तिसऱ्या दिवशी संपवावी. टॉनी काही आठवडे टिकते म्हणून हीही टिकेल, असे समजू नये. तळाचा साकायुक्त भाग मलमलमधून गाळून नासपती शिजवताना घालता येतो.