पुढे एम.एस्सी. करायचे असेल, तर नर्सिंगचे महाविद्यालय कसे निवडावे?

प्रश्न :
नमस्कार. मला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घ्यायचा असून त्यानंतर एम.एस्सी. आणि जमल्यास पीएच.डी. करण्याचा विचार आहे. माझ्यासमोर दोन महाविद्यालये आहेत. पहिल्यात पदव्युत्तर विभाग आहे, पण त्याला जोडलेले रुग्णालय लहान आहे. दुसऱ्यात शिक्षण पदवीपर्यंतच मिळते, मात्र रुग्णालय मोठे आणि सर्व विभाग असलेले आहे. पुढची वाट सोपी व्हावी म्हणून पहिलेच निवडावे का?

प्रतिसाद, नर्सिंगच्या अध्यापिका :
केवळ पदव्युत्तर विभागासाठी ते महाविद्यालय निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याच विद्यार्थ्यांना पुढे जागा मिळेल हे गृहीत धरता येत नाही, कारण प्रवेश ठरतो तो गुण, पात्रता आणि अनुभव यांवर. उदाहरणार्थ, भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिल या नर्सिंग शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या निकषांनुसार एम.एस्सी. नर्सिंगसाठी पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि बी.एस्सी. नंतर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. म्हणजे दोन शिक्षणांच्या मध्ये नोकरीचे वर्ष येतेच, आणि त्या वर्षी उपयोगी पडते ते वॉर्डात शिकलेले काम. मान्यतेची खात्री मात्र सर्वांत आधी करावी आणि तीही माहितीपत्रकावरून नव्हे, तर परिषदेने प्रसिद्ध केलेल्या यादीवरून. तिथे उणीव निघाली तर बाकीच्या चौकशीला काही अर्थ उरत नाही.

प्रतिसाद, अतिदक्षता विभागातील परिचारक :
वरील मताशी मी सहमत आहे. एम.एस्सी.ला विशेष विषय निवडावा लागतो : मेडिकल-सर्जिकल, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य किंवा सामुदायिक आरोग्य. ज्या विद्यार्थिनीने मनोरुग्ण विभाग एखाद्या धावत्या भेटीपुरताच पाहिला आहे, तिने मानसिक आरोग्य हा विषय निवडला काय किंवा नाकारला काय, तो निर्णय अंदाजानेच झालेला असतो. त्यामुळे प्रत्येक विभागात किती आठवडे पोस्टिंग असते, एका शिक्षिकेकडे किती विद्यार्थी असतात आणि विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णसेवा करतात की केवळ नोंदवह्या भरतात, हे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. (प्राचार्यांचे उत्तर नेहमीच समाधानकारक असते.) अमेरिकेत भूल देणाऱ्या परिचारिकांच्या अभ्यासक्रमाला अतिदक्षतेचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो आणि २०२२ पासून तिथे नवा प्रवेश डॉक्टरेट स्तरावरच मिळतो. अशा शाखांत अतिदक्षता विभागातील नोकरी मिळणे हीच पहिली पायरी असते, आणि ती मिळण्यास मोठ्या रुग्णालयातील प्रशिक्षणाची मदत होते.

प्रश्नकर्ती :
आभारी आहे. पण पीएच.डी.साठी लागणारी संशोधनाची सवय, जिथे पदव्युत्तर विभागच नाही अशा ठिकाणी कशी लागणार?

प्रतिसाद, नर्सिंगच्या अध्यापिका :
ही शंका रास्त आहे. संशोधन व संख्याशास्त्र हे विषय पदवीच्या अभ्यासक्रमातही असतात. फरक पडतो तो शिकवणाऱ्यांमुळे. दुसऱ्या महाविद्यालयातील शिक्षकांपैकी कोणी पीएच.डी. केली आहे वा करत आहे का, आणि विद्यार्थ्यांचे प्रकल्प स्वतः गोळा केलेल्या माहितीवर उभे असतात की मागील वर्षाच्या प्रती पुढे सरकवल्या जातात, हे ग्रंथालयातील जुने प्रकल्प चाळले तरी कळते. तिथे खरोखरच कोणी संशोधन करणारे नसेल, तर मात्र मी पहिल्या महाविद्यालयाचा पुन्हा विचार करीन, विशेषतः तिथल्या विद्यार्थ्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची सोय असेल तर. काही देशांत नर्सिंगमधील डॉक्टरेटचे दोन मार्ग आहेत, एक संशोधनाचा आणि दुसरा प्रत्यक्ष रुग्णसेवेचा. आपला कल दुसऱ्याकडे असेल, तर ही अडचण बरीच कमी होते.

प्रतिसाद, अतिदक्षता विभागातील परिचारक :
आणखी एक व्यवहाराची गोष्ट. कुठेही प्रवेश घेतला, तरी अभ्यासक्रमाची प्रत आणि विषयवार शिकवणीच्या व प्रात्यक्षिकांच्या तासांची नोंद महाविद्यालयाच्या शिक्क्यासह जपून ठेवावी. परदेशात अर्ज करताना ही कागदपत्रे मागितली जातात, आणि बऱ्याच वर्षांनी ती मिळवण्यासाठी कार्यालयात खेटे घालावे लागतात.