अनुभव धागा: थायरॉइड मंद असताना व्यायाम

हायपोथायरॉइडिझमची गोळी सुरू असताना चालणे, योगासने किंवा इतर व्यायाम कसा बेतला, हे गावाकडच्या वाचकांनी लिहावे. गोळीची मात्रा मात्र दुसऱ्याच्या अनुभवावरून बदलू नये.

शिक्षिका, आर्वी तालुका
निदान झाले तेव्हा टीएसएच (थायरॉइड मंद झाला की रक्तात वाढणारे संप्रेरक) बरेच वाढलेले होते आणि शाळेचा जिना चढतानाही मांड्या भरून येत. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक, कमी पडले की स्नायू लवकर थकतात, पेटके येतात आणि श्रमानंतर सावरायला वेळ लागतो, म्हणून गोळीचा गुण दिसेपर्यंत सोबतच्या व्यक्तीशी बोलता येईल एवढ्याच वेगाने चालावे, असे डॉक्टरांनी बजावले. पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर गोळी घेऊन मी पांदणीने फिरायला निघते आणि परतल्यावरच चहा घेते, त्यामुळे मधले अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर आपोआप पाळले जाते. मात्रा बदलल्यास 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. तोवर मी चालण्याचा वेग वाढवत नाही.

शेतकरी महिला, दारव्हा तालुका
"एवढी वावरात राबते, तुले कायले पायजे व्यायाम?" असे सासूबाई विचारतात. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, परंतु कापूस वेचताना कमरेची ओटी जड होत जाते, कंबर धरते आणि दम मात्र वाढत नाही. म्हणून वेचणी नसलेल्या दिवशी मी बाजेवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव करते. वेचणीच्या दिवशी अजिबात नाही. रक्त कमी असल्याने लोहाची गोळीही सुरू आहे, ती थायरॉइडच्या गोळीनंतर किमान 4 तासांनी घेते. सोयाबीनच्या वड्याही सकाळी खात नाही, कारण सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही.

निवृत्त एसटी चालक, चंद्रपूर जिल्हा
मला हृदयविकार असल्याने गोळी कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवली गेली. एकदम वाढवल्यास हृदयावर ताण येतो. छातीत दाटले की तिथेच थांबून लगेच दवाखाना गाठायचा, हे घरातील सर्वांना ठाऊक आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा फिरणे सूर्योदयापूर्वीच उरकतो.

महाविद्यालयीन विद्यार्थी, मेहकर तालुका
या आजारात वाढलेल्या वजनातील बराचसा भाग मीठ व पाणी साचल्याचा असतो, हे कळल्यावर मी काट्याकडे पाहून धावणे सोडले. मध्यंतरी बसल्या जागी धडधड आणि हातांना कंप सुरू झाला. गोळी जास्त होत असल्याची ती लक्षणे असू शकतात, म्हणून नवा अहवाल येईपर्यंत डॉक्टरांनी धावणे बंद ठेवायला सांगितले आहे.